भूगोल दिनी मैदानात एक काठी रोवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

येत्या 14 जानेवारीला महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत भूगोल दिन साजरा होईल. प्रश्नमंजूषा, रांगोळीतला भारताचा नकाशा, पाहुण्यांचे भाषण असा कार्यक्रम ठरलेला असतो. संक्रांतही त्याच सुमारास येते, त्यामुळे 'आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू' हे वाक्य अनेक फळ्यांवर हमखास झळकते. भूगोल दिनाच्या फळ्यावर भूगोलाची चूक! सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकू लागतो 22 डिसेंबरच्या सुमारास. संक्रांत निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याचे स्थान मोजणाऱ्या) पंचांगाने ठरते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन तारखा जवळजवळ एकत्र होत्या. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस हळूहळू दिशा बदलत असल्यामुळे, साधारण 72 वर्षांना एक दिवस या हिशेबाने त्या लांब गेल्या. सणाला त्याने काहीच बाधा येत नाही. मात्र शाळेत हे वाक्य तपासायला एक मीटरची काठी पुरते, आणि ती कोणी रोवत नाही, ही आमची तक्रार आहे.

पुण्याच्या अक्षांशावर (18.5° उत्तर) एक मीटर उंच काठीची मध्यान्हीची सावली 22 डिसेंबरला सुमारे 90 सेंटिमीटर भरते. 14 जानेवारीला तीच सावली 84 सेंटिमीटरच्या आत आलेली असते. म्हणजे उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाले, हे सहावीतला मुलगा पट्टीने मोजून सांगू शकतो. दिशा, अक्षांश, स्थानिक वेळ आणि ऋतू या चार गोष्टी याच एका काठीतून निघतात. त्या मोजून झाल्या की भिंतीवरच्या नकाशाला अर्थ येतो. आधी नकाशा आणि मग (वेळ उरला तर) मैदान, हा आपल्याकडचा क्रम उलटा करावा, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

काठीचा प्रयोग फसतो तो तीन ठिकाणी, म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

पहिली गोष्ट, काठी तिरकी असते. काठी एक अंश कलली तर अक्षांशात एक अंशापर्यंत चूक येते आणि एक अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर. डोळ्याने 'सरळ दिसते' यावर भागवू नये. गवंड्याचा ओळंबा काठीच्या टोकावरून सोडावा आणि तो जमिनीला जिथे टेकेल तिथे खूण करावी. सावली याच खुणेपासून मोजायची आणि उंचीही टोकापासून या खुणेपर्यंतची घ्यायची. असे केले की काठी थोडी कललेली असली तरी बिघडत नाही. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी काम होते.

दुसरे, जमीन उताराची असते. मैदानावर पाण्याला वाट मिळावी म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो आणि तो डोळ्याला जाणवत नाही. सिमेंटचा कट्टा किंवा व्हरांड्याची कड निवडावी, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून पाहावी. पाणसळ नसल्यास ताटात पाणी ओतून ते चारही बाजूंनी काठापासून सारखे आहे का ते बघावे.

तिसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचे टोक सेंटिमीटरभर तरी पुसट होते, आणि मग गटातली चार मुले चार आकडे सांगतात. पुठ्ठ्याच्या चकतीला पाच मिलिमीटरचे भोक पाडून ती काठीच्या टोकावर आडवी चिकटवावी. सावलीत प्रकाशाचा छोटा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य धरायचा. आकड्यांतला फरक लगेच दोन-तीन मिलिमीटरवर येतो. उंची मात्र आता भोकापासून मोजायची आणि ओळंबाही भोकातूनच सोडायचा. हे सांगायचे राहून जाते.

आता वेळ. 'दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान' हे वाक्य पाठ असते, पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, बहुतेक दिवशी घड्याळात बाराला ती सर्वांत लहान नसते. भारतीय प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्ताची. पुणे 73.9° पूर्वेला, म्हणजे साडेआठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे धरली तर पुण्याची मध्यान्ह सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी, मुंबईची 12:39 ला आणि नागपूरची 12:14 ला येते. ही सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, त्यामुळे प्रत्यक्षात ही वेळ वर्षभरात पुढेमागे होते: फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटे उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटे आधी. येत्या 14 जानेवारीला पुण्यात 12:44 च्या आसपास मध्यान्ह धरावी. 12:20 पासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी ठिपक्याशी खडूने खूण करावी. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे नेमके मिनिट हाताला लागत नाही, पण सर्वांत लहान लांबी बिनचूक मिळते. अक्षांशासाठी तेवढे पुरे.

दिशेसाठी दुसरी रीत आहे आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. काठीच्या बुडाशी सुतळी धरून 110 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने किंवा खडूने काढावे. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सकाळी अकराच्या सुमारास सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारी अडीचच्या सुमारास बाहेर पडते. दोन्ही ठिकाणी खुणा करून त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला लंब ती उत्तर-दक्षिण. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात. होकायंत्रानेही हे काम होते, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण शाळेत होकायंत्र लोखंडी बाकावर ठेवले जाते, शेजारी मोबाइल असतो, खिडकीला गज असतात, आणि सुई भलतीकडे वळते. होकायंत्र वापरायचेच तर मैदानाच्या मध्यावर, जमिनीपासून वर हातात धरून.

ही रेषा ऑइलपेंटने कायमची आखून ठेवावी. मग 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे विधानही तपासता येते. नेमक्या पूर्वेला तो फक्त 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये आपल्याकडे पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेला सरकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. 'उगवत्या सूर्याकडे तोंड करा, डावा हात उत्तर' ही रीत भूगोल दिनीच वापरली तर उत्तर 22 अंशांनी चुकते.

21 मार्चची सावली तर अक्षांशच सांगते, कारण तेव्हा सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवशी एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली पणजीत सुमारे 28, कोल्हापुरात 30, पुण्यात 33.5, नाशकात 36.5 आणि नागपुरात 38.7 सेंटिमीटर पडते. कागदावर हा काटकोन त्रिकोण प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजला की झाले, तोच अक्षांश. सहावीच्या मुलांना त्रिकोणमिती लागत नाही. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. दोन्हीकडच्या एकेका शाळेने त्या दिवशी मोजमाप करून फोनवर आकडे कळवले तर दोन कोनांतला फरक 3.3 अंश येतो. दोन गावांतले सरळ अंतर सुमारे 365 किलोमीटर. 365 ला 360 ने गुणून 3.3 ने भागा, पृथ्वीचा परीघ 39,800 किलोमीटरच्या घरात निघतो. खरा 40,000 च्या आसपास आहे. इथे रस्त्याचे किलोमीटर घेतले की उत्तर फुगते, आणि एका शाळेची सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तरी परिघात तीन हजार किलोमीटरचा फरक पडतो. मुलांना हा फरक दाखवावा. मापनातली चूक म्हणजे काय, हे विज्ञानाच्या तासापेक्षा इथे लवकर कळते.

मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत पुण्यात मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, हेही बहुतेक मुलांना ठाऊक नसते. सुट्टी आणि ढग यांत तो काळ निघून जातो. निदान शून्य सावलीच्या दिवशी (मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा), मेच्या मध्यात, मुलांना घरच्या अंगणात पाण्याची बाटली उभी करून बघायला सांगता येईल.

वर्गातला नकाशा कुठल्या भिंतीवर टांगायचा, हा प्रश्न शाळेत कोणी विचारत नाही. तो उत्तरेच्या भिंतीवर हवा. मग नकाशासमोर उभ्या राहिलेल्या मुलाचा उजवा हात खरोखर पूर्वेला असतो आणि नकाशाचीही उजवी बाजू पूर्वच. नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर असला की सगळे उलटे होते आणि मूल 'उत्तर म्हणजे वर' एवढेच शिकते. मग त्याला तापी पश्चिमेकडे वाहते हे विचित्र वाटते आणि वैनगंगा दक्षिणेकडे वाहते ती 'खाली असल्यामुळे'. लहान वर्गांत तर नकाशा भिंतीवर नकोच. जमिनीवर पसरावा, आखलेल्या उत्तर रेषेशी जुळवावा, आणि मुलांनी त्याच्याभोवती बसावे.

नकाशाप्रमाणाची सुरुवात आपण गुणोत्तराच्या व्याख्येने करतो, तिथे अर्धा वर्ग गळतो. वर्गखोलीपासून सुरू करावे. 6 मीटर बाय 8 मीटरची खोली 1:50 प्रमाणात वहीवर 12 बाय 16 सेंटिमीटर होते. मग मैदान 1:500 ने, इथे 1 सेंटिमीटर म्हणजे 5 मीटर. अंतर पावलांनी मोजावे, पण आधी 50 मीटरची टेप लावून प्रत्येकाने आपली पावले मोजून घ्यावीत. एकाच वर्गात पावलाच्या लांबीत वीस टक्क्यांचाही फरक निघतो. मैदानाला फेरी मारून मूळ जागी आल्यावर कागदावरची शेवटची रेषा पहिल्या बिंदूला सहसा मिळत नाही. मुले ती गुपचूप वाकवून मिळवतात. ती तशीच उघडी ठेवायला लावावी आणि चूक कुठल्या बाजूला गेली ते शोधायला सांगावे. त्यानंतर 1:50,000. यात तीच वर्गखोली 0.12 बाय 0.16 मिलिमीटर होईल, पेन्सिलीच्या टोकापेक्षा बारीक. मग शाळा दाखवायची कशी? इथे सांकेतिक चिन्हांची गरज मुलांना आपोआप कळते, तक्ता पाठ करून घ्यावा लागत नाही.

याच टप्प्यावर दोन चुका ठरलेल्या. 1:50,000 मध्ये 1 सेंटिमीटर म्हणजे 50,000 सेंटिमीटर, म्हणजे 500 मीटर. मुले एकक बदलताना शून्ये गाळतात आणि 50 किलोमीटर लिहितात. दुसरी चूक मोठी मंडळीही करतात: 1:10,00,000 हा आकडा मोठा म्हणून प्रमाणही मोठे समजतात. हा तर लघुप्रमाण नकाशा, मोठा प्रदेश थोडक्या तपशिलात दाखवणारा. आणि झेरॉक्सचे एक पथ्य. ए-4 चा नकाशा ए-5 वर लहान केला की 1:50,000 चे प्रत्यक्षात 1:70,000 होते, पण कागदावर छापलेला आकडा तोच राहतो. शब्दप्रमाण ('1 सेंटिमीटरला 500 मीटर' असे) आणि अंकप्रमाण ('1:50,000' असे) दोन्ही खोटी पडतात. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली अंतराची पट्टी, मात्र नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून तेच खरे राहते. चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत झेरॉक्स केलेल्या नकाशावर 'अंकप्रमाण वापरून अंतर काढा' असा प्रश्न येतो, तेव्हा बरोबर उत्तर कोणाचे धरायचे?

समोच्च रेषा (नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) हा सातवीतला सर्वांत दुबळा धडा. दुबळा म्हणजे शिकवण्यात. पुस्तकात तो ठीक आहे. मातीची टेकडी करून पाण्यात बुडवायची कृती सांगितली जाते, पण शाडू असो की काळी माती, दुसऱ्या-तिसऱ्या पातळीला ती ढासळते. त्याऐवजी वीतभर उंचीचा ओबडधोबड काळा दगड घ्यावा. तो घट्ट हवा. सच्छिद्र दगड पाणी वर ओढतो आणि खूण चुकते. दगड पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवून डब्याला आतून पट्टी उभी चिकटवावी. दोन सेंटिमीटर पाणी ओतायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचे, आणि पाण्याच्या काठाला लागून दगडाच्या कोरड्या भागावर पांढऱ्या तैलखडूने सलग रेघ काढायची. पुन्हा दोन सेंटिमीटर, पुन्हा रेघ. ओल्या दगडावर खडू उमटत नाही म्हणून काम खालून वर करायचे. शेवटी पाणी काढून बरोबर वरून, दीड-दोन मीटर उंचीवरून फोटो घ्यावा आणि कागदावर छापावा. जवळून घेतला तर शिखराकडच्या रेषा मोठ्या येतात, नकाशा बिघडतो.

दगडाच्या ज्या बाजूला उभा उतार, तिथे रेषा चिकटलेल्या; जिथे सपाटी, तिथे विरळ. दगडात घळ असेल तिथे रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते आणि तिचे टोक चढाकडे असते. दरीत असेच होते, डोंगराच्या सोंडेवर टोक उताराकडे. हे एकदा हाताखालून गेले की मुले समोच्च रेषेला पायवाट किंवा नदी समजत नाहीत, बाहेरची मोठी रेषा म्हणजे जास्त उंची असेही म्हणत नाहीत.

मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा) काढावा. 1767 पासून हा विभाग काम करतो आहे आणि 1:50,000 चे नकाशे त्याच्या संकेतस्थळावरून मिळतात. यात लगतच्या दोन समोच्च रेषांत सहसा 20 मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड. रेषा कागदावर 1 मिलिमीटर अंतरावर असतील तर जमिनीवर 50 मीटर चालताना 20 मीटर चढ, म्हणजे जवळजवळ 22 अंशांचा उतार. सह्याद्रीच्या कड्यांवर रेषा एकमेकींत मिसळतात, पाचगणीच्या टेबललँडवर कडेला गर्दी आणि मध्ये मोकळे. पुठ्ठ्याचे थर कापून प्रतिकृती करायची तर प्रत्येक रेषेचा थर करू नये. या प्रमाणात 20 मीटर म्हणजे 0.4 मिलिमीटर, 3 मिलिमीटर पुठ्ठा लावला की डोंगर साडेसातपट उंच होतो आणि मुलांना आपल्या गावची टेकडी हिमालय वाटते. फक्त जाड, शंभर मीटरच्या रेषा घ्याव्यात. तोच पुठ्ठा तेव्हा उंची दीडपटच वाढवतो. 15 मीटरचे टेकाड दोन रेषांच्या मध्ये हरवू शकते, हेही सांगावे.

पृथ्वीगोलाबद्दल थोडेच. दिव्याभोवती गोल फिरवून ऋतू दाखवताना शिक्षक स्वतः वळतात आणि त्यांच्याबरोबर गोलाचा आसही वळतो, त्यामुळे उत्तर गोलार्ध कायम दिव्याकडे झुकलेला राहतो आणि सगळीकडे बारमाही उन्हाळा होतो. वर्गाची एक भिंत ठरवून आसाचे टोक चारही जागी त्याच भिंतीकडे ठेवावे. पुस्तकातली लांबट कक्षा पाहून 'सूर्याजवळ गेलो की उन्हाळा' असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या थंडीत. 15 सेंटिमीटर व्यासाची कक्षा प्रमाणात काढली तर तिची लांबी-रुंदी 0.02 मिलिमीटरने वेगळी होईल, ती कर्कटकाने काढलेल्या वर्तुळासारखीच दिसेल. डोंगर उठावदार केलेले गोल विकत घेऊ नयेत. 30 सेंटिमीटरच्या गोलावर एव्हरेस्टची उंची 0.2 मिलिमीटर होते, आणि त्याच प्रमाणात चंद्र म्हणजे 8 सेंटिमीटरचा चेंडू, तोही 9 मीटर दूर. वर्गात तो मावत नाही, व्हरांड्यात जावे लागते.

यातले काहीही अभ्यासक्रमाबाहेरचे नाही. सहावीत वृत्ते, सातवीत ऋतू आणि समोच्च रेषा, आठवीत स्थानिक वेळ, नकाशाप्रमाण आणि क्षेत्रभेट हे आतापर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत आहेच. खर्च सुतळी, पुठ्ठा आणि खडू एवढाच. अडते ते वेळापत्रकात. 35-40 मिनिटांच्या तासात मुले मैदानात जाऊन परत येईपर्यंत तास संपतो, आणि सावलीला तर सकाळी अकरा आणि दुपारी अडीच अशा दोन वेळा लागतात. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा भूगोलाचे दोन तास जोडून दिले आणि खुणा करायला दोन मुलांना पाच मिनिटे वर्गाबाहेर जाऊ दिले, तर हे सारे एका वर्षात बसते. परीक्षेचीही एक गोष्ट आहे. जे विचारले जात नाही ते शिकवले जात नाही. 'काठीची उंची 1 मीटर, 21 मार्चची मध्यान्हीची सावली 36.5 सेंटिमीटर, अक्षांश काढा' किंवा 'या तीन समोच्च रेषांवरून ओढा कुठल्या दिशेला वाहतो ते सांगा' असा एखादा प्रश्न सहामाहीला घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. शाळा आपली प्रश्नपत्रिका स्वतःच काढते.

जाता जाता आपल्यालाही एक विनंती. वृत्तपत्रांत धरण, महामार्ग, चक्रीवादळ यांच्या बातम्यांबरोबर येणारे नकाशे अनेक शिक्षक कापून वर्गात लावतात. त्यांवर उत्तर दिशेचा बाण आणि रेषाप्रमाण बहुधा नसते, किंवा 'प्रमाण 1:...' असा आकडा असतो आणि तो रकान्यात बसवताना निरर्थक झालेला असतो. नकाशाच्या कोपऱ्यात 0 ते 50 किलोमीटरची एक छोटी पट्टी छापली, तर मुलांना त्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढता येईल.

आपले,
भूगोल शिकवणारे काही शिक्षक
पुणे व सातारा जिल्हा